दोर धरणारा हात



अमेरिकेतील काही खासगी शाळांत प्रस्तरारोहण हा स्पर्धेचा खेळ म्हणून शिकविला जातो. त्यासाठी कड्याऐवजी कृत्रिम भिंत वापरतात. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात १९६४ साली डॉन रॉबिन्सन या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने विटांच्या भिंतीत दगड बसवून अशी भिंत सिद्ध केली होती. २०२१ मध्ये टोकियो येथे या खेळाचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश झाला. पुरुषांचे पहिले सुवर्णपदक स्पेनच्या अवघ्या १८ वर्षांच्या आल्बेर्तो खिनेस लोपेस याने मिळविले.

तथापि, पदकाहून मोलाचा संस्कार सरावात घडतो. एक विद्यार्थी चढतो, तेव्हा त्याचा दोर खाली उभा असलेला सोबती सांभाळतो. चढण्यापूर्वी दोघांनी परस्परांच्या गाठी व कमरपट्टे तपासावयाचे असतात. चढणाऱ्याचा जीव सोबत्याच्या सावधपणावर अवलंबून असतो. म्हणूनच चढण्यात मागे पडणारे मूलही दोर धरण्यात अग्रेसर ठरू शकते.

भिंत, साधने व प्रशिक्षक यांचा खर्च मोठा असल्याने ही संधी बहुधा सधन घरांतील मुलांनाच लाभते. सह्याद्रीच्या कुशीतील शाळेला कडा जवळ आहे. परंतु तज्ज्ञ मार्गदर्शक व योग्य साधने यांवाचून मुलांना तेथे चढविणे हे धाडस नव्हे, ती बेजबाबदारी होय. मल्लखांबाशी मात्र आपला जुना परिचय आहे. शिक्षकाच्या देखरेखीखाली एकाने चढावे, इतरांनी गादी नीट आहे की नाही हे पाहून सावध उभे राहावे. गुण देताना या सावध मुलांचीही नोंद व्हावी.