चावी देता येतील तेवढीच



मी झाशीचा. सीपरी बाजारात राहतो. आमचं घराणं इथे येऊन कितीतरी पिढ्या झाल्या. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर पाऊल टाकलं की हिंदी, अशी आमची रीत. आज मला माझ्या छंदाबद्दल बोलायला सांगितलंय. माझ्याकडे घड्याळांचा संग्रह आहे. संग्रह म्हटलं की लोकांना काचेची कपाटं आठवतात. माझा संग्रह शाळेच्या स्टीलच्या डब्यात मावतो. मनगटी घड्याळं आहेत फक्त पाच.

पहिलं वडिलांचं. एचएमटी जनता, पांढरी डायल, तिच्यावर देवनागरीत 'जनता'. वडील रेल्वेत गार्ड होते. गार्डला प्रत्येक स्टेशनची वेळ मिनिटामिनिटाने वहीत लिहावी लागायची, त्यामुळे घड्याळ म्हणजे त्यांच्या नोकरीचं हत्यारच. एचएमटीने १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. पुढची पंचवीसेक वर्षं मॅट्रिक झालेल्या मुलाला, लग्नातल्या जावयाला, पहिला पगार घेतलेल्याला हेच घड्याळ मिळायचं.

दुसरं आईचं, बोराएवढं. तिसरं 'सोना', सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, अगदी पातळ. चौथं 'पायलट', काळ्या डायलचं. पाचवं टायटन, माझ्या पहिल्या कमाईचं. त्यात सेल आहे. बाकी चारांना रोज चावी द्यावी लागते.

सकाळी आंघोळ झाली की मी डबा उघडतो. अंगठा आणि तर्जनीत चावी धरायची, हलकेच फिरवायची, घट्ट लागली की थांबायचं. आत गुंडाळलेली स्प्रिंग हळूहळू सुटते आणि छोटंसं चाक इकडून तिकडे झुलत राहतं. जनतामध्ये तासाला अठरा हजार ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला चार लाख बत्तीस हजार. हे सगळं माझ्या बोटांच्या अर्ध्या मिनिटाच्या मेहनतीवर चालतं. मला अजूनही याचं नवल वाटतं.

आणखी एक गंमत सांगतो. आपली भारतीय प्रमाणवेळ १९०६पासून ८२.५ अंश रेखांशावरून मोजतात. झाशी त्याच्या पश्चिमेला. त्यामुळे घड्याळात बारा वाजतात तेव्हा आमच्या गावाचे खरे बारा व्हायला साधारण पंधरा-सोळा मिनिटं बाकी असतात. मुंबई-पुण्याकडे तर हा फरक अर्ध्या तासापेक्षाही जास्त. वडील म्हणायचे, "घड्याळ बरोबर असतं असं नाही रे, सगळ्यांचं सारखं असावं लागतं."

आता माझी फजिती. निवृत्त झालो आणि मोबाइलवर जुनी घड्याळं दिसायला लागली. आठशे, हजार, बाराशे. चार महिन्यांत डब्यात अकरा घड्याळं झाली. मुलीच्या वसतिगृहाचे पैसे भरायची वेळ आली तेव्हा खात्यात चौदा हजार कमी. बायको रागावली नाही. तिने फक्त अकरा घड्याळं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली आणि विचारलं, "यातली चालू किती?" चालू होती सहा.

बंद पडलेली पाच घेऊन मी बाजारातल्या उस्तादांकडे गेलो. दोन फुटांचं दुकान, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. वडिलांची जनताही तेच उघडायचे. माझ्या आवडत्या नारिंगी डायलच्या 'पायलट'चं मागचं झाकण त्यांनी काढलं आणि म्हणाले, "बाबूजी, इसमें तीन घड़ियाँ मरी पड़ी हैं।" म्हणजे तीन मोडक्या घड्याळांचे भाग जोडून, वर नवी डायल छापून बसवलेली. तेव्हा कळलं. चाळीस वर्षांचं घड्याळ आणि कोरी करकरीत, भडक रंगाची डायल दिसली, तर आधी शंका घ्यायची. डायलवर थोडा पिवळेपणा असेल तर तो राहू द्यायचा, आणि आतला भाग पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

मी सात घड्याळं काढून टाकली. काही विकली, नकली होती ती उस्तादांना सुट्या भागांसाठी दिली. पैसे निम्मेच परत आले. वसतिगृहाची फी बायकोच्या भिशीतून भरली, हेही इथे सांगून टाकतो. राहिली चार. उस्तादांनी त्यांच्या खणातलं एक खरं काळं पायलट काढून दिलं आणि पाच झाली. त्या दिवसापासून नियम केला : सकाळचा चहा गार होण्याआधी ज्यांना चावी देता येईल, तेवढीच ठेवायची.

पण खरी काळजी वेगळीच आहे. जानेवारी २०१६मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ कारखाना बंद करायला मंजुरी दिली. सुटे भाग आता जुन्या घड्याळांतूनच निघतात. आणि गेल्या दिवाळीत उस्तादांनी जनता साफ करून परत दिलं तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. मी मजुरी विचारली, ते म्हणाले तीनशे. या तीनशे रुपयांवर माझा सगळा छंद उभा आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. आता मी दर महिन्याला एक घड्याळ काहीतरी निमित्त काढून त्यांच्याकडे नेतो. घड्याळ उघडताना ते सांगतात, मी वहीत लिहून घेतो : कोणता स्क्रू आधी, तेल कुठे, कुठे अजिबात नाही. हात काही शिकणार नाहीत माझे, पण वही राहील.

तुमच्या कपाटातही एखादं बंद घड्याळ असेल. नवीन घेऊ नका. तेच घ्या, तुमच्या बाजारात असा कोणी दुकानदार अजून बसत असेल तर त्याच्याकडे जा. आणि घासाघीस करू नका.