तरंगत्या बर्फाचा तळ



लोधी रोडवरचं मौसम भवन दिल्लीकरांच्या चांगल्या ओळखीचं आहे. त्याच रस्त्यावर पृथ्वी भवन आहे, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचं कार्यालय. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांना पैसा आणि मंजुरी मिळते ती इथून. मोहिमेची प्रत्यक्ष जुळवाजुळव होते गोव्यात, वास्कोजवळच्या हेडलँड सडा इथं, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात. या केंद्राच्या एका कामाबद्दल आज बोलणार आहे. समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाची खालची बाजू वर उभं राहून कशी पाहायची, हे ते काम.

आपली पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकाला पोहोचली. १९८३-८४ साली आपण ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिलं स्थानक उभारलं तेच मुळी तरंगत्या बर्फावर. त्यावर बर्फ साचत गेला, स्थानक हळूहळू गाडलं गेलं आणि १९९० साली ते बंद करावं लागलं. तोवर आपण ‘मैत्री’ हे नवं स्थानक शिर्माखर भागातल्या उघड्या खडकावर बांधलं होतं. शहाणपणाचाच निर्णय होता तो.

मैत्रीच्या उत्तरेला, खडक आणि खुला समुद्र यांच्या मधोमध, ‘निव्लिसेन’ नावाचं आइस शेल्फ पसरलेलं आहे. जमिनीवरची हिमनदी सरकत सरकत समुद्रात उतरते आणि न तुटता पुढे तरंगत राहते, त्या शेकडो मीटर जाड थराला आइस शेल्फ म्हणतात. हा बर्फ आधीच पाण्यावर असल्यामुळे तो वितळला तरी समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. मग काळजी कसली? तर हा बर्फ दाराला लावलेल्या अडसरासारखा असतो, मागचा जमिनीवरचा बर्फ तो रोखून धरतो. २००२ साली अंटार्क्टिक द्वीपकल्पावरच्या ‘लार्सन बी’चा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा भाग, म्हणजे दिल्ली राज्याच्या दुपटीहून मोठा तुकडा, महिनाभरात फुटून गेला. त्यानंतर मागच्या हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला. जमिनीवरचा तो बर्फ समुद्रात आला की पातळी मात्र खरोखरच वाढते.

आइस शेल्फला खालून समुद्राचं पाणी झिजवतं आणि ही झीज डोळ्यांना दिसत नाही. भोक पाडून खाली उपकरण सोडता येतं, पण शेकडो मीटरचं एक भोक पाडायला केवढा खटाटोप, आणि माहिती मिळते ती त्या एकाच जागेची. इथं रेडिओलहरी कामाला येतात. १९५० च्या दशकात विमानांतले रेडिओ उंचीमापक ध्रुवीय बर्फावर चुकीची उंची दाखवत, कारण लहरी पृष्ठभागावर न थांबता बर्फात शिरत. अमेरिकेचे अ‍ॅमरी वेट यांनी या चुकीतलं मर्म ओळखलं, आणि १९६० च्या दशकात केंब्रिजच्या स्टॅन्ली इव्हान्स यांनी त्यातून बर्फाची जाडी मोजण्याचं तंत्र घडवलं. थंड बर्फातून लहर सहज आरपार जाते. खारं पाणी वीजवाहक असल्यामुळे तिथं तिला पुढे वाट नसते, ती जोरात परत फिरते. बर्फात या लहरीचा वेग मायक्रोसेकंदाला सुमारे १६८ मीटर असतो. तीनशे मीटर जाड बर्फातून खाली जाऊन परत यायला तिला सुमारे साडेतीन मायक्रोसेकंद पुरतात.

जाडी कळली, पण झीज कळायला हवी असेल तर याहून कितीतरी बारीक मोजमाप लागतं. त्यासाठी ब्रिटिश शास्त्रज्ञांनी एक रडार बनवलं. ते २०० ते ४०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात लहरी सोडतं. आपल्या एफएमचा पट्टा १०८ ला संपतो, त्याच्या बरंच वर. परत आलेल्या लहरीच्या चढउताराची स्थिती आधीच्या नोंदीशी ताडून पाहिली, की तळ काही मिलिमीटरनं वर आला तरी समजतं. यात एक मेख आहे. आइस शेल्फ स्वतःच्या वजनानं पसरतं आणि पसरल्यानंही पातळ होतं. मग वितळून किती गेलं आणि ताणून किती, हे वेगळं कसं करायचं? बर्फाच्या पोटातल्या थरांवरूनही लहरी परत येतात. ते थर एकमेकांच्या किती जवळ आले, त्यावरून ताण निघतो. तो वजा केला की उरते ती झीज. मला स्वतःला या सगळ्या प्रकारात ही वजाबाकी सर्वांत सुंदर वाटते.

गोव्याचं केंद्र आणि नॉर्वेची ध्रुवीय संस्था यांनी मिळून २०१७ आणि २०१८ मध्ये निव्लिसेनवर अशी रडारं चालवली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथली सरासरी झीज वर्षाला सुमारे ०.८ मीटर आहे, म्हणजे बेताची. पण जागेजागेला फरक मोठा. कडेपासून ४ किलोमीटर आत, जिथं बर्फ पाण्यात १३० मीटर बुडालेला आहे, तिथं उन्हाळ्यात झिजेचा वेग वर्षाला ५.६ मीटरपर्यंत चढला. म्हणजे दिवसाला दीड सेंटिमीटर. ३५ किलोमीटर आत मात्र वर्षाला अवघे ०.४ मीटर, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, आणि तिथं ना उन्हाळा जाणवतो ना हिवाळा. कडेला जे घडतं त्यामागे वारा आहे. उन्हाळ्यात तापलेलं समुद्राचं वरचं पाणी तो बर्फाखाली ढकलतो. पश्चिम अंटार्क्टिकाला खोल समुद्राच्या उबदार पाण्यानं जेरीस आणलं आहे. निव्लिसेनवर त्या पाण्याचा प्रभाव सध्या फार नाही. पण किनाऱ्यालगतचा समुद्री बर्फ कमी झाला, तर वरचं पाणी अधिक तापेल आणि कड अधिक झिजेल.

दिल्लीलाही ही विद्या नवी नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले हिमनदी-अभ्यासक २००२ पासून लाहौलमधल्या छोटा शिग्री हिमनदीचा ताळेबंद मांडत आले आहेत. फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर त्यांनी २००९ साली तिच्यावर रडार चालवलं आणि ४,४०० मीटर उंचीवर १२४ मीटर, तर ४,९०० मीटर उंचीवर २७० मीटर जाडी नोंदवली. तिथं तळाशी समुद्र नाही, खडक आहे. हिमालयातल्या ओलसर बर्फात लहरी विखुरतात, म्हणून तिथं ४.२ मेगाहर्ट्झ इतक्या खालच्या पट्टीवर यावं लागलं.  

रडारनं बर्फ अवकाशातूनही पाहता येतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासाचा ‘निसार’ उपग्रह अवकाशात गेला. तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवरून रडार फिरवतो. बर्फाचा पृष्ठभाग किती सरकला, भरती-ओहोटीबरोबर किती हलला, हे त्यातून चांगलं कळेल. तळाची रोजची झीज मात्र अवकाशातून तशी मिळत नाही. त्यासाठी बर्फावर रडारची पेटी ठेवावी लागते, वर्षभर जपावी लागते आणि तिच्यातल्या नोंदी आणायला पुन्हा जावं लागतं.

आता मैत्रीच्या जागी ‘मैत्री-२’ उभारण्याची तयारी चालू आहे. नव्या स्थानकाचे फोटो छापून येतील, उद्घाटन होईल, आणि व्हायलाही हवं. पण दोन वर्षांच्या नोंदींवर पुढच्या पन्नास वर्षांचं बोलता येत नाही. निव्लिसेनवरची रडारं एखाद्या प्रकल्पाच्या मुदतीपुरती न राहता हवामान खात्याच्या पर्जन्यमापकांसारखी कायमची असायला हवीत. इमारतीच्या खर्चापुढे त्यांचा खर्च किरकोळ आहे. तेव्हा पृथ्वी भवनात मैत्री-२ चा हिशेब मांडताना या रडारांसाठी दरवर्षीची वेगळी तरतूद व्हावी, एवढीच विनंती.