कडा आणि पाटी

मी गिर्यारोहक नव्हे. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेला आणि बहुतेक चढउतार फाइलींतच पाहिलेला मनुष्य आहे. तरीही आज प्रस्तरारोहणावर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्याला कारण माझीच एक सही.

काही वर्षांपूर्वी माझ्या अखत्यारीतील एका डोंगरकड्यावरून एक तरुण घसरला. जिवावर आले होते ते पायावर निभावले. पण पाय कायमचा अधू झाला. आठवड्याच्या आत मी कड्यावर चढण्यास मनाई करणारा हुकूम काढला, पायथ्याशी लोखंडी पाटी रोवविली आणि कर्तव्य बजावल्याच्या समाधानाने घरी गेलो.

पुढे प्रशिक्षणासाठी इंग्लंडला जाण्याचा योग आला. तेथे परिचय झालेल्या एका वयस्क स्नेह्यांनी एका रविवारी मला डर्बीशरच्या डोंगराळ मुलखात नेले. मँचेस्टर आणि शेफिल्ड या दोन औद्योगिक शहरांच्या मधला हा प्रदेश ‘पीक डिस्ट्रिक्ट’ म्हणून ओळखला जातो. नाव शिखरांचे, पण त्यातले सर्वांत उंच ठिकाण, किंडर स्काउट, अवघे 636 मीटरांचे. आपले कळसूबाई त्याच्या अडीचपट भरेल. येथील खरी संपत्ती उंची नव्हे, खडक आहे.

आणि खडकही एक नव्हे, दोन. सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वी येथे उबदार, उथळ समुद्र होता. त्यातील शिंपले, पोवळी आणि अन्य जलचरांच्या सांगाड्यांचा गाळ साचून पांढुरका चुनखडक बनला. मागाहून उत्तरेच्या पर्वतांची झीज वाहून आणणाऱ्या महानदीने त्यावर वाळूचे थर रचले. तेच घट्ट होऊन काळपट, भरड वालुकाश्म झाले. त्याला तेथे ग्रिटस्टोन म्हणतात.

चढणाऱ्याच्या दृष्टीने या दोहोंचे स्वभाव अगदी निराळे. चुनखडकाचे कडे नदीच्या खोऱ्यांत सरळसोट उभे असतात. बोटे शिरतील एवढ्या खोबणी ते देतात. पण वर्षानुवर्षे हातपाय लागून त्या गुळगुळीत होतात, आणि पाऊस पडला की खडकाला जणू साबण फासलेला असतो. ग्रिटस्टोन मुठीत धरण्याजोगे फारसे काही देत नाही. तो देतो केवळ खरखरीतपणा. नुकतीच टाकी लावलेल्या जात्यावरून हात फिरवा, म्हणजे त्याची कल्पना येईल. ही उपमा माझ्या पदरची नव्हे. याच दगडाची जाती पूर्वी तेथे घडवीत असत. धंदा बसला तेव्हा घडविलेली तळी जागीच पडून राहिली. स्टॅनेज नावाच्या साडेपाच किलोमीटर लांबीच्या कड्याखाली ती आजही गवतात आडवी पडलेली दिसतात.

याच स्टॅनेजवर माझ्या कमरेला दोर बांधण्यात आला. स्नेही पुढे चढले. भेगांत धातूच्या लहान पाचरी बसवून त्यांत त्यांनी दोर अडकविला. मागून येताना त्या काढून आणण्याचे काम माझ्याकडे होते. चुनखडकावर अनेक ठिकाणी पक्के खिळे ठोकलेले चालतात. ग्रिटस्टोनवर मात्र खिळा ठोकायचा नाही, असा तेथील आरोहकांचा दंडक आहे. तो कोणत्याही कायद्यात नाही, तरी पाळला जातो.

मध्यावर माझे पाय लटपटू लागले. वरून आवाज आला, “भेगेत हात घाला आणि मूठ आवळा. दगड सोडणार नाही.” सोडला नाही. हाताची सालटी निघाली, पण मी वर पोहोचलो.

वर बसून त्यांनी मला या माळांचा इतिहास सांगितला. एके काळी हे माळ जमीनदारांच्या पक्षिशिकारीसाठी राखीव होते आणि राखणदार लोकांना हुसकून लावीत. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो पदयात्री, बहुतेक तरुण कामगार, किंडर स्काउटवर जाणूनबुजून शिरले. झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास घडला. त्याच प्रदेशाचे 1951 साली ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. याच सुमारास मँचेस्टरचा जो ब्राऊन नावाचा एक कामगार सुटीच्या दिवशी या भेगांत मुठी आवळण्याची कला साधीत होता. 25 मे 1955 रोजी जॉर्ज बँडसह तो कांचनजंगेवर प्रथम पोहोचला. शिखराखालचा शेवटचा अडसर होता एक खडकाची भेग! ती तो चढला. आणि सिक्कीमच्या लोकांच्या श्रद्धेचा मान राखून दोघेही माथ्याच्या काही पावले अलीकडे थांबले.

उतरताना एका घळीपाशी छोटी पाटी दिसली. कस्तुराच्या कुळातल्या एका पक्ष्याचे घरटे तेथे असल्याने पिल्ले उडेपर्यंत हा भाग टाळावा, अशी ती विनंती होती. पहारेकरी नव्हता, दंडाची धमकी नव्हती. सुटीचा दिवस, कडा माणसांनी फुललेला. पण त्या घळीत कोणी नव्हते. मी बराच वेळ तेथे उभा राहिलो. माझ्या पाटीवरचे प्रत्येक अक्षर मला आठवत होते.

परत आल्यावर चौकशी केली, तेव्हा कळले की माझा हुकूम असूनही मुले चढतच होती; फरक इतकाच, की आता पहाटे अंधारात, चोरून, दोराशिवाय. दोर दिसला तर पकडले जाऊ, ही त्यांची भीती. ज्या अपघातासाठी मनाई केली, त्याचीच वाट मी सोपी करून ठेवली होती. हे स्वीकारायला मला स्टॅनेजच्या भेगेपेक्षा अधिक कष्ट पडले.

श्रोतेहो, पाटी आजही तेथेच आहे. मजकूर मात्र बदलला. ओल्या खडकावर चढू नये, दोर तपासून घ्यावा, एकट्याने जाऊ नये, घरट्यांना उपद्रव देऊ नये, आणि चढण्यापूर्वी पायथ्याच्या गावात नाव सांगून जावे. तो मजकूर माझा नाही. त्या अधू पायाच्या तरुणाला मी कचेरीत बोलावले, कागद पुढे ठेवला आणि म्हटले, “तुम्हीच लिहा.” त्याने लिहिले. मी फक्त सही केली.