नागीण : पहिले तीन दिवस

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपण सगळे साठीच्या आसपास आलो, तेव्हा डॉक्टर म्हणून काहीतरी उपयोगाचं बोल, असा हुकूम झाला. म्हणून नागीण हा विषय घेतला.

शाळेत असताना आपल्यापैकी बहुतेकांना कांजिण्या येऊन गेल्या. पण तो विषाणू अंगातून गेलेला नाही. मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत तो झोपून असतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती घटली की जागा होतो आणि एका नसेच्या वाटेने त्वचेवर येतो. म्हणूनच फोड अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उठतात. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही निव्वळ समजूत आहे.

फोडांच्या आधी दोन-चार दिवस त्याच जागी आग होते, टोचतं, मुंग्या येतात. पुरळ दिसलं की 72 तासांच्या आत असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर सुरू व्हायला हवं. उशीर झाला तरी डॉक्टरकडे जाच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगा, मात्रा बदलावी लागते. कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा; दृष्टीचा प्रश्न असतो. खपल्या धरेपर्यंत फोड झाका आणि गरोदर बायका, तान्ही बाळं यांच्यापासून दूर राहा.

माझ्या आईने गेरूचा लेप लावून आठ दिवस काढले. "तू कामात असतोस, तुला कशाला त्रास," म्हणाली. फोड तीन आठवड्यांत गेले, दुखणं वर्षभर राहिलं. पदर लागला तरी कळवळायची. मुलगा डॉक्टर असून ही गत!

फोड गेल्यावर तीन महिन्यांनीही दुखत असेल, तर ते मनाचे खेळ नव्हेत. नस दुखावलेली असते. साध्या वेदनाशामक गोळ्या तिथे फारशा चालत नाहीत. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं डॉक्टर थोड्या मात्रेने सुरू करून वाढवतात. त्यांनी गुंगी येते, म्हणून वयस्करांनी रात्री उठताना सांभाळावं.

पन्नाशीपुढच्यांसाठी लसही आहे. 2023 पासून ती भारतात मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. स्वस्त नाही, पण आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि घरी गेल्यावर आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना एवढं सांगा : अंगावर एका बाजूला आग झाली, फोड आले, तर आम्हाला त्रास होईल म्हणून गप्प बसू नका. लगेच सांगा.