आधी खाटा मोजा

(आसेगाव, ता. मंगरूळपीर येथील बैठकीत केलेले भाषण)



सोयाबीनच्या भावाचे बोलायचे सोडून आज म्हाताऱ्यांचा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. पण विषय तोच आहे. जन्मभर तोट्याची शेती केली त्याच्या गाठीला म्हातारपणी काय राहणार? नोकरदाराला फंड असतो. आपल्याला सातबारा आणि पोरगा. पोरगा पुण्याकडे कंपनीत गेला. त्याला आम्ही दोष देत नाही. चार एकरात दोन घरे जगत नाहीत म्हणून आपणच त्याला एस.टी.त बसवून दिले. तो तिथे एका खोलीत राहतो. अंथरुणाला खिळलेली माय त्याने ठेवायची कुठे?

2011 च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या 11,97,160 होती. महाराष्ट्रात तेव्हा साठीच्या पुढचे लोक शंभरात जवळजवळ दहा होते. तोच हिशेब लावला तर आपल्या जिल्ह्यात तेव्हाच एक लाख वीस हजाराच्या आसपास म्हातारे होते. आज त्याहून जास्तच असणार. आता कायदा पाहा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा 2007 चा कायदा सांगतो की प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान 150 निराधारांचा वृद्धाश्रम सरकार काढू शकेल. ‘काढील’ नव्हे, ‘काढू शकेल’. बरे, काढलाच असे धरू. आठशे म्हाताऱ्यांमागे एक जागा! त्याआधी 1995 साली युती सरकारने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणलीच होती. नावे चांगली ठेवतात.

आणि वृद्धाश्रम म्हणजे सुश्रूषा नव्हे. बहुतेक ठिकाणी चालता-फिरता, आपले आपण करणारा माणूस घेतात. ज्याच्यावरून वारे गेले, जिचे खुब्याचे हाड मोडले, जिला पोटचे लेकरू ओळखू येत नाही, त्यांना कोण घेणार? 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार लागू झाले, हे चांगलेच झाले. पण ते पैसे दवाखान्याचे. दवाखाना ऑपरेशन करून घरी पाठवतो, त्यानंतर कूस कोणी बदलायची, हगणे-मुतणे कोणी काढायचे? सून काढते. तिची निंदणाची मजुरी बुडते ती कोणत्याच हिशेबात येत नाही. 1986 ला चांदवडला बायांच्या कष्टाला मोल मागितले, त्यात हेही कष्ट धरले पाहिजेत.

श्रावणबाळ योजनेचे 1500 रुपये मिळतात. सोयाबीनच्या 2024-25 च्या 4892 रुपये हमीभावाने ते तीस किलोचे पैसे झाले. त्यालाही वर्षाचे उत्पन्न 21,000 च्या आत दाखवावे लागते. म्हणजे वावर नावावर ठेवले तर दाखला अडतो, पोराच्या नावे केले तर हातचे जाते.

आमच्यातले काही म्हणतात, सरकारी वृद्धाश्रमापेक्षा घरचा गोठा बरा. खोटे नाही. म्हणून सरकारने इमारती बांधाव्यात एवढीच मागणी आम्ही करणार नाही. ठेकेदाराचे भले होईल. केरळात 2008 च्या धोरणानंतर पंचायतींमार्फत परिचारिका खाटेवरच्या माणसाच्या घरी जाते, जखम धुते, घरच्यांना शिकवते. जपानने 1989 मध्ये दहा वर्षांची योजना केली, तेव्हा खाटा किती आणि घरी जाणारे मदतनीस किती, हे आकडे आधी लिहिले. 2000 पासून तिथे चाळिशीपुढचा प्रत्येक माणूस या विम्याचा हप्ता भरतो. तो देश श्रीमंत आहे, मान्य. पण मोजायला पैसे लागत नाहीत. आपल्या जिल्ह्यात खाटेवरचे म्हातारे किती, याची गाववार यादी आधी झाली पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी सुश्रूषेच्या खाटा त्यावरून ठरतील. गावातल्या दोन-चार बायांना हे काम शिकवून सरकारने त्याची रोख मजुरी द्यावी. घरच्या सुनेने केले तरी द्यावी.

एक गोष्ट मात्र आपल्याच हातात आहे. वावर पोराच्या नावे करताना बक्षीसपत्रात सांभाळाची अट लिहून घ्या. अट असेल आणि पोराने सांभाळले नाही, तर त्याच कायद्याच्या कलम 23 खाली बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा. अट लिहिलेली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयात 2022 साली एक म्हातारी हरली. पुढे 2025 च्या निकालात न्यायालयाने कायद्याचा अर्थ जरा सैल लावला, पण त्या भरवशावर बसू नका. ‘पोरावर अविश्वास कसा दाखवायचा’ असे म्हणणारे पीककर्जाच्या कागदावर मात्र वीस सह्या करतात. 1990 ला लक्ष्मीमुक्तीत ज्यांनी घरधनिणीच्या नावे जमीन केली, त्यांच्या घरच्या म्हातारीला आज कोणी ‘तुझे काय आहे इथे?’ असे विचारू शकत नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावच्या पाईकाने यादी आणावी. नावे नकोत. घर किती, खाटेवर किती, त्यातले एकटे किती आणि करणारे कोण, एवढे चार रकाने पुरेत. आसेगावची यादी आम्ही याच आठवड्यात सुरू करतो आहोत.