वणव्याची वाट
(करंजाडे येथे शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



माघ सरत आला की पनवेलच्या आसपासचे डोंगर पिवळे पडतात आणि शिमग्याच्या सुमारास एखाद्या रात्री त्यांच्या अंगावर आगीची नागमोडी रेघ दिसू लागते. मुले ती कौतुकाने पाहतात. आपल्याकडे हा विस्तव रानात बहुधा माणूसच नेतो. परंतु ठिणगी पडल्यावर ती कोणत्या वाटेने आणि किती वेगाने जाईल, हे वनस्पती, हवा व उतार ही तिघे ठरवितात. निसर्गपाठाच्या तासाला शिकविता येईल असाच हा विषय आहे.

येथे पाऊस चार महिने कोसळतो आणि पुढील आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. पाऊस भरपूर झाला की गवतही पुरुषभर वाढते. म्हणजे चांगला पावसाळा वणव्याचीही बेगमी करून ठेवतो. गवत झरझर पेटते आणि लगेच राख होते. सागाचा रुंद, वळलेला पाचोळा व वाळके ओंडके मात्र रात्रभर आत धुमसतात. विझला म्हणून सोडून दिलेला वणवा दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा उठतो तो तेथूनच.

दुपारी का? पहाटे गवतावर दंव असते, ते मुठीत दाबले तर लवते. दुपारी तेच काडकन मोडते. शिवाय दुपारनंतर समुद्राकडील वारा सुटतो आणि ज्वाळांस पूर्वेच्या डोंगरांकडे रेटतो.

उताराचा विचार मात्र आपण फार थोडा करतो. आग चढावर धावते, उतारावर रेंगाळते. चढावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात व ते पेटण्यापूर्वीच वाळवून टाकतात. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा एक ढोबळ हिशेब आहे. अरुंद घळ तर धुराड्याचेच काम करते. तामिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात मार्च २०१८ मध्ये गिर्यारोहकांचा एक जथा वाळक्या गवताच्या उतारावर वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जणांचा बळी गेला. आपल्या मुलांना एवढे तरी ठाऊक असावे की, खाली आग दिसल्यास वर पळू नये. बाजूस वळून उघड्या खडकाकडे किंवा आधीच जळून काळ्या पडलेल्या जमिनीकडे जावे.

आता घरांकडे येऊ. कर्नाळा वा प्रबळगडाच्या परिसरातील उतारावरची वाडी आणि करंजाड्याची नवी वसाहत यांत अंतर पुष्कळ आहे, परंतु धोका येण्याची रीत एकच. घर पेटते ते नेहमी ज्वाळांच्या भिंतीने नव्हे. वाऱ्यावर पुढे उडत आलेल्या ठिणग्या पुष्कळदा ते काम करतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पॅरडाईज हे गाव नोव्हेंबर २०१८ मध्ये जळाले, त्यात ठिणग्यांचा वाटा मोठा होता. त्या वणव्यात ८५ माणसे गेली. आपल्याकडे ठिणगी कोठे विसावेल? भिंतीला टेकून रचलेल्या पेंढ्यात, पन्हळीतील पाचोळ्यात, पडवीतील सरपणात, किंवा मोकळ्या भूखंडावरील वाळक्या गवतात.

राब भाजण्यास सरसकट नावे ठेवणे मला रुचत नाही. पिढ्यानपिढ्या भात लावणाऱ्यास आपण वर्गातून उपदेश करावा, हे शोभतही नाही. मात्र रानालगत राब असेल तर वनरक्षकास आधी कळवावे, चहूबाजूंनी गवत खरवडून पट्टा मोकळा करावा, वारा पडलेला असताना सकाळी भाजावे आणि राखेवर पाणी मारल्याखेरीज घरी परतू नये, हे सांगावयास हरकत नाही. पुष्कळ जुनी माणसे असेच करीत आली आहेत.

शाळेपुरते म्हणाल तर पौषातच एक दिवस वरच्या वर्गातील मुलांना घेऊन इमारतीभोवती फिरावे. वाऱ्याची दिशा पाहण्यास काठीला चिंधी बांधावी, उताराची बाजू कोणती ते मुलांनाच विचारावे, आणि भिंतीला लागून चार-पाच हात जागा गवत-पाचोळ्यापासून मोकळी करावी. गोळा झालेला पाचोळा पेटवू नये. शाळेच्या बागेतील खतखड्ड्यात टाकावा.