मलमातील औषध त्वचेत कसे शिरते?

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या आरोग्य शिबिरातील भाषण)



मलम वरवर लावावयाचे, ते पोटात जात नाही. तेव्हा त्यापासून अपाय तो कसला, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तो किती फसवा आहे, हे आज पाहू.

त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढाच जाड असतो. पेशी या विटा आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्य हा चुना, अशी ही भिंत. औषध मुख्यतः या चुन्यातून वाट काढते. ही वाट सुकर की बिकट, हे मलमातील इतर घटकांवरही अवलंबून असते.

व्हॅसलिन स्वतः औषध नव्हे. परंतु त्याचा लेप त्वचेतील ओलावा कोंडून ठेवतो आणि ओलावलेली त्वचा औषध अधिक शोषून घेते. म्हणूनच एकच स्टिरॉइड, तेवढ्याच प्रमाणात, क्रीमपेक्षा स्निग्ध मलमातून सामान्यतः अधिक प्रभावी ठरते. नायट्यावरील जुन्या व्हिटफील्ड मलमात ६ टक्के बेंझॉइक आम्ल व ३ टक्के सॅलिसिलिक आम्ल असते. दुसरे वरचा थर सैल करते आणि पहिल्याला बुरशीपर्यंत पोहोचू देते. याउलट, आधारद्रव्यात औषध फारच सहज मुरत असेल, तर ते तेथेच अडकून राहते.

याचा गावाशी संबंध काय? नायट्यासाठी दुकानातून परस्पर आणलेल्या मलमात पुष्कळदा बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टिरॉइडही असते. खाज लवकर थांबते. बुरशी मात्र पसरत राहते व त्वचा पातळ होते. तेच मलम तान्ह्या मुलाच्या लंगोटाखाली लावले, तर लंगोट ओलावा कोंडतो. वजनाच्या मानाने बालकाच्या त्वचेचे क्षेत्र मोठे. त्यामुळे दीर्घ वापराने औषध रक्तात जाऊन त्याची वाढही खुंटू शकते. २०१८ साली केंद्र शासनाने त्वचेवर लावण्याची १४ स्टिरॉइडे ‘एच’ अनुसूचीत घातली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई आहे.

आपण एवढे करावे. नायटा झालेल्या विद्यार्थ्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे आणि घरी वापरलेल्या मलमाची नळी बरोबर नेण्यास सांगावे. तिच्यावर घटकांची नावे असतात. एकाचे मलम दुसऱ्यास लावू नये. डॉक्टरांच्या सूचनेवाचून मलमावर प्लॅस्टिक वा घट्ट पट्टी बांधू नये.

औषध तोंडाने घेतले काय अथवा त्वचेतून, ते औषधच असते, एवढे घरोघरी पोहोचविले तरी पुष्कळ साधेल.